चारशे रुपयांचा शब्द

आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांची. माहेरी तर ती आजाऱ्याची नाहीतर एकादशीची. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर, वर जायफळ किसलेलं, आणि कॉफी नुसती रंगापुरती. कॉफीची बाटली फडताळाच्या वरच्या खणात असायची. ती खाली उतरली की आम्ही मुलं ओळखायचो, कुणीतरी मोठं माणूस आलंय. ती भुकटी झाडाला लागते की जमिनीत होते, हा विचार कधी मनाला शिवला नाही. बी. ए. झाले, लग्न होऊन पनवेलला आले, अर्धवेळ शिकवायला लागले, 'जोड्या लावा'मध्ये मुलांना कर्नाटकापुढे कॉफी लिहायला शिकवलं, तरीसुद्धा नाही.

तो शिवला अक्कांमुळे. अक्का आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. माहेर चिकमगळूरकडचं, यजमानांच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि नवीन पनवेलच्याच होऊन गेल्या. दुपारी चारला त्यांच्या दारातून असा काही वास यायचा की वह्या तपासता तपासता माझं लाल पेन थांबायचं. एक दिवस त्यांनीच हाक मारली. पितळेचं फिल्टर, वाटी-पेला, वर हा एवढा फेस. मी सवयीनं विचारलं, "जायफळ आहे का हो?"

अक्का हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, जायफळ घातल्यावर माझ्या भावाची मेहनत कशी कळणार?"

भावाची कॉफीची बाग आहे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सिनेमातला बंगला उभा राहिला. घोड्यावरून फिरणारे मालक, दाराशी मोटार. प्रत्यक्षात अक्कांच्या भावाची बाग आहे चार एकरांची. आणि हे काही जगावेगळं नाही. आपल्या देशात कॉफी पिकवणाऱ्या शंभर बागायतदारांपैकी अठ्ठ्याण्णवांची जमीन दहा हेक्टरांच्या आत आहे, पुष्कळांची तर दोन-चार एकरच. देशातली जवळजवळ ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. बाबाबुदन नावाच्या फकिरानं सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगराला अजून त्याचंच नाव आहे. आपल्या महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की नाव निघतं ते एकट्या चिखलदऱ्याचं, तीही थोडकीच.

अक्कांकडून एकेक गोष्ट कळत गेली. मार्च-एप्रिलमध्ये एखादी चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरीशुभ्र फुलते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. ती सर चुकली की वर्ष चुकलं. मग नोव्हेंबरपासून फळं पिकायला लागतात, पण सगळी एकदम नाही. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लाल फळ शेजारी शेजारी. चांगली कॉफी हवी तर फक्त लाल तेवढं वेचायचं, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. फळं त्याच दिवशी सोलायची, बुळबुळीत बिया दिवस-दीड दिवस आंबवायच्या, धुवायच्या, मग उन्हात हलवत हलवत वाळवायच्या. आपण कुरडयांचा चीक करतो ना, तसंच हे काम; एक दिवस इकडे-तिकडे झाला की वास लागलाच. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी निघते. भाजल्यावर तिचंही वजन घटतं. म्हणजे आपल्या डब्यातल्या एका किलो पुडीमागे सहा-सात किलो लाल फळं, एकेक करून हातानं खुडलेली. बहुतेक बायकांच्याच हातांनी.

आणि भाव? तो ठरतो न्यूयॉर्कला. तिकडे ब्राझीलमध्ये थंडी पडली की वर, पीक उदंड आलं की खाली. पूर्वी आपल्याकडे सगळी कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे आणि पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत. १९९६ पर्यंत हे बंधन पुरतं सुटलं. बागायतदार मोकळा झाला, पण आधारही गेला. २००१-०२ साली जगभर भाव असे कोसळले की फळं खुडण्याची मजुरीही निघेना. तेव्हा अक्कांच्या वडिलांनी एक एकर विकली. त्यांच्या घरात ते साल अजून कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

लहान शेतकऱ्याची अडचण काय, तर त्याला थांबता येत नाही. मोठा बागायतदार भाव येईपर्यंत माल गोदामात ठेवतो. ह्याला जूनमध्ये मुलांची फी असते. म्हणून पावसाळ्यातच व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि सुगीला तो म्हणेल त्या भावानं माल घालायचा. लाल आणि हिरवी फळं व्यापारी एकाच भावानं घेतो, मग वेचून खुडायची तसदी तरी कशाला घ्यायची? माल हलका, म्हणून भाव हलका, आणि भाव हलका म्हणून पुन्हा माल हलका.

आमच्या भिशीत आम्ही आठजणी. २०२२ च्या दिवाळीत फराळाच्या गप्पांमध्ये विषय निघाला. पापड-लोणच्यांचे उद्योग पनवेलमध्ये ढीगभर आहेत. आपण कॉफी का नाही करायची? अक्कांच्या भावाकडून थेट बिया घ्यायच्या, भाजून-दळून आणायच्या, पाव पाव किलोची पाकिटं करून ओळखीपाळखीत विकायची. मुंबईत १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, हे कुणीतरी बोलून दाखवलंच. (हे कुणीतरी प्रत्येक भिशीत असतंच.)

भाव ठरवताना अक्कांच्या भावानं एकच मागणं केलं: भाव थोडा कमी द्या, पण पक्का द्या. तेव्हा कच्च्या बियांना बाजारात किलोला ३६० च्या आसपास मिळत होते. आम्ही ४०० कबूल केले, तीन सुगींसाठी. वर गेला तरी तोच, खाली गेला तरी तोच. फोनवर ठरलं. कागद नाही, सही नाही. मला त्या दिवशी इतकं भरून आलं होतं की रात्री ह्यांना म्हटलं, "आपण एका शेतकऱ्याला बाजाराच्या तावडीतून सोडवलं." आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बघू."

फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० किलोची पहिली गोणी आली. मी आणि आणखी एकजण ती लोकलनं घेऊन गेलो, दोन खेपांमध्ये; हार्बरनं वडाळा, तिथं गाडी बदलून किंग्ज सर्कल. माटुंग्याला कॉफी भाजून दळून देणारी दुकानं आहेत. परतताना आख्ख्या डब्याला वास. मानखुर्दपर्यंत चार गिऱ्हाइकं तर बसल्या जागी मिळाली.

हिशेब सांगून टाकते. 'शेतकऱ्यांना मदत' असं पाकिटावर छापायचं आणि हिशेब सांगायचा नाही, हे मला पटत नाही. एक किलो पुडीला एक किलो २०० ग्रॅम कच्च्या बिया लागतात; ४०० च्या भावानं ४८० रुपये. गाडीभाडं ४०, भाजणं-दळणं ६०, पाकिटं आणि चिठ्ठ्या ३०. झाले ६१०. आम्ही विकली ७०० नं. ३३ किलो पूड झाली, उरले ३,००० च्या आत-बाहेर, आणि आठजणींच्या वाट्याला आले तीनशे सत्तर-सत्तर. त्यात अन्नसुरक्षेची नोंदणी करायला घातलेले हेलपाटे धरलेले नाहीत. पण गिऱ्हाइकाच्या ७०० मधले ४८० शेतकऱ्याच्या हाती पडले, हे वहीत बघून बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी शहाणपणा सुचला. पूड ताजी राहावी म्हणून सगळ्या बिया एकदम भाजायच्या नाहीत, लागतील तशा भाजायच्या. उरलेली गोणी माझ्या घरी माळ्यावर ठेवली. जून उजाडला. पनवेलचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, इथं जुलैत मिठाच्या बरणीत विहीर होते. ऑगस्टमध्ये गोणी उघडली तर बिया फुगून पांढुरक्या झालेल्या, कुबट वास, तळाशी बुरशी. नऊ किलो गेल्या. गंमत अशी की मलबार किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वाऱ्यात बिया फुगवून 'मान्सून मलबार' नावाची कॉफी करतात आणि ती परदेशात चढ्या भावानं जाते. पण ते काम जाणकारांचं, रोज गोण्या उलटून-पालटून करण्याचं. माझ्या माळ्यावरची नुसती बुरशी होती.

आता ह्या ३,६०० रुपयांचं काय? आमची रीत अशी होती की अर्धे पैसे माल उचलताना द्यायचे आणि अर्धे विक्री झाल्यावर. अर्धे द्यायचे बाकीच होते. एकीनं सुचवलं, त्यातून कापून घेऊ. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही गप्प बसले. माळा माझा होता ना!

अक्का शांतपणे म्हणाल्या, "पाऊस पनवेलचा, माळा वहिनींचा, आणि नुकसान माझ्या भावाचं?"

कुणाला उत्तर सुचेना. प्रत्येकीनं साडेचारशे रुपये काढले. त्या दिवसापासून माल उचलतानाच सगळे पैसे द्यायचे असा नियम झाला. तोवर आम्हाला कळलंच नव्हतं की 'विकल्यावर देऊ' म्हणणारा आमचा व्यवहार आणि व्यापाऱ्याचा व्यवहार ह्यांत फारसा फरक नाही. आमच्या धंद्याला भांडवल कोण पुरवत होतं? चार एकरवाला.

त्याच वर्षी, २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत, आम्ही विशाखापट्टणमला गेलो आणि तिथून अराकूला. सकाळची किरंदुलची गाडी, एकामागून एक बोगदे. धाकटा मोजता मोजता पन्नासाच्या पुढे गेला आणि झोपला. तीनेक हजार फुटांवरची ही खोरी, सगळी आदिवासी वस्ती. मी हट्टानं इथं आले होते, कारण लहान शेतकऱ्याच्या कॉफीचं नाव निघालं की अराकूचं नाव येतंच.

तिथली कहाणी ऐकण्यासारखी आहे. कॉफी तिथं नवी नव्हती. सरकारनं लावून दिली होती, आणि १९५६ पासून गिरिजन सहकारी महामंडळ आदिवासींचा माल विकत घेतं. पण डोंगरातल्या पाड्यापर्यंत पोचायचा तो दलाल. हैदराबादच्या नांदी फाउंडेशननं ह्या भागात काम सुरू केलं आणि २००७ साली लहान व सीमांत आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. हजारो कुटुंबं, एकेकाची एखादा-दोन एकर कॉफी. संस्थेनं केलं काय? पहिली गोष्ट म्हणजे फक्त पिकलेल्या लाल फळांना चांगला भाव. दुसरी, फळं सोलायचं-धुवायचं काम घराघरांतून काढून एका ठिकाणी आणलं, म्हणजे एकाची हयगय दुसऱ्याच्या मालाला बाधत नाही. २००९ पासून तिथं दरवर्षी चवीची स्पर्धा भरवायला सुरुवात झाली. परदेशांतून परीक्षक आले आणि कुठल्या पाड्याची कॉफी सरस हे ठरू लागलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात आपली कॉफी प्यायली नाही, तिला कळलं की आपल्या झाडाला गुण मिळतात. २०१७ साली पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं दुकान उघडलं. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसं.

चवीवरून आठवलं. कॉफीची पारख करणाऱ्यांत एक मोठं नाव बाईचं आहे, हे किती जणींना माहीत आहे? सुनालिनी मेनन. १९७० च्या दशकात त्या कॉफी बोर्डात चवपरीक्षक झाल्या, पुढे दर्जा-नियंत्रण विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि नंतर बंगळूरला स्वतःची 'कॉफीलॅब' काढली. चमच्यानं कॉफी जोरात भुर्रकन ओढायची आणि चव सांगायची, हे त्यांचं काम. आम्हाला लहानपणी भुरके मारले की पाठीत धपाटा मिळायचा!

अराकूच्या डोंगरात एका उतारावर बायका फळं खुडत होत्या. कमरेला टोपली, त्यात सगळी लाल. मी सहज मूठभर हातात घेतली तर त्यात दोन हिरवी होती. एक म्हातारी पुढे आली, ती दोन माझ्या तळहातावरून उचलली आणि बाजूला टाकली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. पण शाळेत अशा नजरेनं मी मुलांकडे बघते, तेव्हा ती चूक सुधारतात.

इतक्या लांब जायची गरज नव्हती, असं घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, तेही खरंच. आमच्याच तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर, तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे. ज्यांनी 'चले जाव'ची घोषणा सुचवली, जे १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते, ते हे युसुफ मेहेरअली. त्यांच्या नावानं डॉ. जी. जी. पारीख ह्यांनी उभं केलेलं हे काम. २०२५ च्या गांधीजयंतीला, शंभराव्या वर्षी, ते गेले. तेलाची घाणी, साबण, कुंभारकाम असे उद्योग तिथं गावातल्या माणसांच्या हाताला काम म्हणून चालवले गेले. सासूबाई घाणीच्या तेलाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

आता तिसरी सुगी. फेब्रुवारी २०२५.

ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला होता आणि न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीनं साऱ्या जन्मातला उच्चांक गाठला. पौंडाला, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमला, चार डॉलरच्या वर. त्याआधीचा उच्चांक १९७७ चा, तोही ब्राझीलमधल्या १९७५ च्या हिमानंतरचा. आपल्याकडेही भाव वर्षभरात जवळपास दुप्पट झाले. चिकमगळूरला व्यापारी दारात येऊन ६५० देत होते. आणि आमचा शब्द होता ४०० चा.

मी वही घेऊन बसले. दुकानांत पुडीचे भाव चढले होते, म्हणजे आमचीही ९०० ला सहज गेली असती. आपला खर्च तोच, ६१०. किलोमागे २९०. तेहतीस किलोंचे साडेनऊ हजार! मी आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन वर्षं तीनशे-तीनशे रुपयांवर काढलेल्या आम्ही. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगण्यासारखं काही हाती येणार होतं.

शनिवारी अक्कांकडे बैठक. मीच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, शब्द तो शब्द. भाव पडला असता तर आपण ४०० दिलेच असते ना? मग चढला तर त्यानंही दिलेच पाहिजेत. व्यवहार दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. पाच-सहाजणी "बरोबर आहे" म्हणाल्या. अक्का काहीच बोलल्या नाहीत. एवढंच सांगितलं की भावाचा फोन आला होता, ठरल्याप्रमाणे गोणी भरून ठेवली आहे.

आमच्यातली सर्वांत धाकटी एक सून आहे, बँकेत जाते, भिशीत कधी तोंड उघडत नाही. तिनं माझी वही ओढून घेतली. म्हणाली, "काकू, दोन वर्षं आपण त्यांना बाजारापेक्षा ४० रुपये जास्त दिले. चाळीस किलोंचे १,६००, दोन वर्षांचे ३,२००. यंदा किलोमागे २५० कमी देणार. चाळीस किलोंचे १०,०००. आणि आपण आठजणी आहोत, ते एकटे आहेत." मग जरा थांबून, "मजुरीही वाढली असेल ना हो त्यांची?"

वाढलीच होती. अक्का तेव्हा बोलल्या. खुडायला माणसं मिळत नाहीत, भाऊ आणि वहिनी दोघंच पहाटेपासून बागेत असतात.

माझे कान गरम झाले. शिकवते मी आणि त्रैराशिक सोडवलं तिनं. दोन्ही बाजूंना सारखा म्हणून जो व्यवहार मला न्याय्य वाटत होता, तो सारखा नव्हताच. भाव पडला तर आमचं काय जाणार होतं? एक पैठणी लांबणीवर. त्याची मात्र एक एकर जाते.

वाद तरी झालाच. "मग शब्दाला अर्थ काय?" हा एकीचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि ती पुढे आमच्यातून बाहेर पडली. तिच्याबरोबर आणखी एक. उरल्या सहाजणींनी ६५० चा भाव दिला, पण ऐपतच तेवढी म्हणून ४० ऐवजी २५ किलो घेतल्या. खर्च पडला ९१०, विकली ९६० नं. निम्मी गिऱ्हाइकं गळाली. "एवढी महाग? त्यापेक्षा बाटली परवडते," हे मी जिन्यात, बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं. वर्षअखेर प्रत्येकीला मिळाले पावणेदोनशे. अक्कांच्या भावानं गोणीत पैशांबद्दल एक अक्षर लिहून पाठवलं नव्हतं, फक्त कागदाच्या पुडीत काळी मिरी होती, कॉफीला सावली देणाऱ्या झाडांवर चढवतात त्या वेलींची.

पुढे वाचताना कळलं की आम्ही भांडून जिथं पोचलो, तिथं जग केव्हाच पोचलं होतं. मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीसाठी हॉलंडमध्ये १९८८ साली एक छाप सुरू झाली, 'मॅक्स हॅवेलार' नावाची. हे नाव १८६० मधल्या एका डच कादंबरीचं. जावा बेटावर शेतकऱ्यांकडून सक्तीनं कॉफी पिकवून घेत, तो जुलूम तिनं चव्हाट्यावर आणला होता. आज 'फेअरट्रेड' म्हणून जी खूण दिसते, तिचं हे मूळ. तिचा नियम साधा आहे. भाव कितीही पडो, किमान भाव मिळणारच. बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव. २०२३ च्या ऑगस्टपासून धुतलेल्या अरेबिकाला हा किमान भाव पौंडाला १ डॉलर ८० सेंट आहे, आणि वर २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला, शाळा-विहिरी-यंत्रं ज्याला म्हणून हवं त्याला. म्हणजे जमीन पक्की, छप्पर उघडं. आम्ही नेमकं उलट केलं होतं. त्याच्या डोक्यावर छप्पर घातलं होतं चारशेचं, आणि त्याला उपकार म्हणत होतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय धंदा काढणार नाही, आम्हाला ह्याचा काय उपयोग? पण कॉफी घेताना दोन गोष्टी बघता येतात. पाकिटावर चिकोरी किती टक्के ते लिहिलेलं असतं; मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त, ५१ टक्के तरी कॉफी हवी असा कायदा आहे. उरलेली चिकोरी, म्हणजे गुजरात-उत्तर प्रदेशात होणारी एक मुळी, भाजून दळलेली. ती वाईट नाही, दाटपणा आणते, पण कॉफीच्या भावानं का घ्यायची? सुट्टी पूड घेतलीत तर पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर टाका. कॉफी तरंगते, चिकोरी तळाला जाते आणि जाताना तपकिरी रेघ सोडते. आणि दुकानदाराला विचारा, ही कुठल्या बागेची? 'साउथची' हे उत्तर नव्हे.

पूड एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच आणावी, स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवावी, गॅसच्या शेजारी नको. फिल्टर नसेल तर साध्या पातेल्यातही छान होते: पाणी उकळून खाली उतरवायचं, दोन चमचे पूड घालून झाकण, पाच मिनिटांनी गाळून कढत दुधात. पूड पाण्याबरोबर खळखळा उकळली की कडू होते, आणि मग आपण साखर घालत बसतो. चोथा गुलाबाच्या कुंडीत.

ह्या मार्चमध्ये अक्कांच्या भावाचा फोन आला होता. सर वेळेवर पडली, बाग पांढरी झाली आहे. फोन स्पीकरवर टाकून त्यानं आम्हाला मधमाश्यांचा आवाज ऐकवला. मला तर नुसती घरघर ऐकू आली, पण अक्का कितीतरी वेळ फोन कानाला धरून बसल्या होत्या. ४०० हा आता किमान भाव, वर बाजार असेल तो, एवढं ह्या वेळी कागदावर लिहून काढलं आहे. गोणी किती किलोची मागवायची ते ठरायचंय. गळालेल्या दोघींपैकी एक परवा जिन्यात भेटली आणि उगीचच "काय म्हणते तुमची कॉफी?" असं विचारून गेली. शनिवारी पुन्हा अक्कांकडे बसायचं आहे. वही मी नेणार आहे, पण बेरीज धाकटीनं करायची असं ठरलंय, आणि जायफळ कुणीही आणायचं नाही, अशी अक्कांची ताकीद आहे.